चार नंबरच्या खाटेवरचे चौऱ्याण्णव

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी सत्यभामा सिस्टरचं डोकं पहिल्यांदा फिरलं. दिवस अजून धड सुरूही झाला नव्हता.

रात्रपाळीच्या सिस्टरने तिच्या हातात फाइल ठेवली आणि जांभई आवरत सांगितलं, "चार नंबर एकदम स्टेबल. ऑक्सिजन साठ टक्क्यांवरून पन्नासवर आणला, सॅच्युरेशन चौऱ्याण्णव. साहेबांनी सांगितलं, दहाला पंचेचाळीस करा आणि बाराला वॉर्डात हलवा. खाट पाह्यजे, पुसदवरून पेशंट येऊन राह्यला."

"स्टेबल हाये तर हात कायले बांधून ठेवले तिचे?"

"नळी ओढते नाकातली. पहाटेपासून बडबड करून राह्यली. झोप नाही ना झाली, म्हणून असंल."

सत्यभामाने फाइल उघडली. श्वासाच्या रकान्यात सहा वाजता बावीस, सात वाजता बावीस, आठ वाजताही बावीस. शेजारच्या तीन नंबरच्या माणसाचेही बावीस, पाच नंबरच्या म्हातारीचेही बावीसच. सगळा आयसीयू जणू एकाच तालावर कवायत करत होता. ती उठली. चार नंबरच्या खाटेशी गेली, मनगटावरचं घड्याळ समोर धरलं आणि पूर्ण एक मिनिट त्या बाईच्या छातीकडे बघत उभी राहिली. चौतीस.

खाटेवर तानाबाई टेकाम होती. वय पन्नाशीच्या आसपास, तिला स्वतःलाही नक्की ठाऊक नव्हतं. राळेगाव तालुक्यातल्या एका कोलाम पोडावरची, म्हणजे वस्तीवरची, दुसऱ्याच्या वावरात सोयाबीन सोंगायला, कापायला जाणारी. खोकला अंगावर काढत आठवडाभर कामाला गेली, आणि मग एके दिवशी वावराच्या धुऱ्यावरच बसली ती उठेना. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया. ट्रस्टच्या या हॉस्पिटलात येऊन तिला तिसरा दिवस होता. डोक्यावरच्या मॉनिटरवर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा हिरव्या अक्षरांत झळकत होता, चौऱ्याण्णव, आणि त्या हिरव्या आकड्याखाली तानाबाई बांधलेल्या हातांची बोटं चादरीत खुपसत कोणाशी तरी भांडत होती.

सत्यभामा खोब्रागडे मूळची नेरची. बावीस वर्षं नर्सिंगमध्ये, त्यातली नऊ याच आयसीयूत, आणि गेली चार इन्चार्ज म्हणून. तिचा आवाज मोठा होता आणि तो लहान करायचा प्रयत्न तिने कधीच सोडून दिला होता. नव्या मुली तिला घाबरत, जुने डॉक्टर तिला टाळत, आणि नातेवाईक मात्र बरोबर तिलाच हुडकून काढत.

आताही दाराशी एक जण उभी होती. तानाबाईची मुलगी नलू. अठ्ठावीस-तीसची, पोडावरच्या अंगणवाडीत मदतनीस. तीन दिवस बाहेरच्या बाकावर काढून तिचे डोळे सुजले होते.

"सिस्टरबाई, माही माय बराबर नाही," ती म्हणाली. "मले वळखत नाही. तिची बहीण मेली त्याले बारा वर्षं झाले, तिच्यासंग बोलून राह्यली. काल संध्याकाळी तर चांगली होती, चहा मांगत होती."

"डॉक्टरले सांगितलं?"

"सांगितलं. थे म्हणे आकडा चांगला हाये." मग तिने विचारलं, "थो आकडा बराबर हाये हे कसं पाह्यता तुमी? आमच्या अंगणवाडीत लेकरं मोजाच्या आधी काटा शून्यावर हाये का नाही थे पाहाच लागते."

सत्यभामाला उत्तर द्यायचं होतं. पण उत्तर लांबलचक होतं आणि नऊचा राउंड तोंडावर आला होता.

---

डॉ. नयन देशकर नागपूरचे. तेहेतीस वर्षांचे, हुशार, मेहनती आणि पेशंटचं नाव लक्षात ठेवणारे. त्यामुळे त्यांच्यावर धड रागावताही येत नसे, आणि सत्यभामाला त्याचाच जास्त राग येई. माणूस वाईट असला की निदान मोकळेपणाने शिव्या तरी घालता येतात.

"साहेब, चार नंबरचा ऑक्सिजन आता कमी नका करू," ती म्हणाली. "श्वास चौतीस हाये. मी स्वतः मोजला."

डॉक्टरांनी मॉनिटरकडे पाहिलं. "सॅच्युरेशन चौऱ्याण्णव आहे, सिस्टर. आपलं लक्ष्य ब्याण्णव ते शहाण्णव. गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजनही फुप्फुसांना चांगला नसतो, हे मीच तुम्हाला सांगायला हवं का?"

"थे मले माहीत हाये. पण हा चौऱ्याण्णव खरा हाये का?"

"म्हणजे?"

"बाईचा रंग पाहा."

डॉक्टरांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग आजूबाजूला. राउंडला आलेल्या दोन मुलींनी माना खाली घातल्या. "सिस्टर, मशीन कोणाचा रंग बघत नाही," ते हळू आवाजात म्हणाले.

"मशीन रंगच तर पाहते, साहेब. दुसरं काय पाहते थे?"

हे भांडण तिच्या डोक्यात दीड वर्ष शिजत होतं. नागपूरच्या एका प्रशिक्षणात, जेवणानंतरच्या पेंगुळल्या तासाला, एका बाईंनी समजावून सांगितलं होतं. बोटाला लावायचा तो चिमटा बोटातून आरपार उजेड सोडतो. एक लाल, एक डोळ्याला न दिसणारा. पलीकडे किती उजेड पोचला त्यावरून तो रक्ताच्या लालपणाचा, म्हणजे ऑक्सिजनचा, अंदाज बांधतो. पण वाटेत कातडीही असते, आणि कातडी गडद असली की अंदाज चुकू शकतो. चुकला तर बहुतेक वरच्या बाजूला चुकतो, आणि रक्तातला ऑक्सिजन जितका कमी, तितका जास्त चुकतो. यंत्रांची पारख बऱ्याचदा गोऱ्या लोकांच्या बोटांवरच झालेली. खरा आकडा पाहिजे असेल तर धमनीतलं रक्त काढून तपासायचं, त्याला ब्लड गॅस म्हणतात. त्या दिवशी प्रश्न विचारणारी सत्यभामा एकटीच होती. तिला करोनाच्या दुसऱ्या लाटेतला देवसिंग आठवला होता, फुलसावंगीकडचा, काळाकभिन्न, पैलवानी अंगाचा. शेवटच्या तासापर्यंत मॉनिटर त्र्याण्णव दाखवत होता आणि तो "जीव घाबरते, सिस्टर" म्हणत होता. तिने त्याला समजावलं होतं की भाऊ, आकडा चांगला हाये, घाबरू नको.

परत आल्यावर तिने ही गोष्ट सगळ्यांना सांगितली. मेट्रन म्हणाल्या, छान. प्रशासनाने लेखी द्या म्हटलं, म्हणून लेखी दिलं. लेखी कुठे गेलं ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

"मला तो प्रकार माहीत आहे," डॉ. देशकर म्हणाले. "दोन-तीन टक्क्यांचा फरक असतो. धरून चाला एक्क्याण्णव. त्याने काय बिघडलं? ही आयसीयूतली भ्रमिष्टावस्था आहे. तीन दिवस उजेड, आवाज, झोप नाही. शांत व्हायचं एक छोटं इंजेक्शन लिहितो, द्या. आणि पंचेचाळीस करा."

"इंजेक्शन ब्लड गॅसनंतर देते."

"मशीन बंद आहे ना आपलं?"

हेही खरंच होतं. कोपऱ्यातल्या ब्लड गॅसच्या मशीनमधली रसायनांची कार्ट्रिज शुक्रवारी संपली होती. नवी कार्ट्रिज आलेली होती. ती भांडारातल्या फ्रिजमध्ये होती. भांडाराला कुलूप होतं, आणि किल्ली भांडारपालाच्या खिशात दिग्रसला गेली होती, कोणाच्या तरी तेरवीला. दुसरी किल्ली प्रशासन कार्यालयात होती, पण ती घ्यायला अधिकारपत्र लागत होतं, आणि अधिकारपत्रावर सही करणारे साहेब साडेदहाला यायचे. सत्यभामाने हे सगळं शनिवारी, रविवारी आणि आज सकाळी, असं तीनदा फोनवर ऐकलं होतं.

"बाहेरच्या लॅबला पाठवू," ती म्हणाली. "तुम्ही फक्त रक्त काढून द्या."

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. "राउंड संपू द्या."

---

राउंड संपायला साडेदहा झाले. तोवर ठरल्याप्रमाणे ऑक्सिजन पंचेचाळीसवर आला होता. आदेश फाइलमध्ये होता, तो पाळणं भाग होतं. मॉनिटर त्र्याण्णव दाखवत होता. तानाबाईची बडबड आता थांबली होती. ती नुसती छताकडे बघत होती, आणि ते पाहून सत्यभामाला जास्त भीती वाटली.

मॉनिटरची देखभाल करणारा कंपनीचा इंजिनियर नेमका त्याच दिवशी आला होता. तिने त्याला दंडाला धरूनच चार नंबरवर आणलं. त्याने चिमटा काढला, पुसला, वायर तपासली, आणि मग तोच चिमटा स्वतःच्या बोटाला लावला. अठ्ठ्याण्णव.

"मशीन ओके आहे, मॅडम."

"तुमच्यावर ओके हाये. तुम्ही धडधाकट, वरून गोरे. धडधाकट माणसावर कोणतंही मशीन अठ्ठ्याण्णवच दाखवते. ही बाई धडधाकट असती तर इथे झोपली असती काय?"

"मॅडम, स्पेसिफिकेशनमध्ये दोन टक्के इकडे-तिकडे चालतं." त्याने खिशातून कागद काढला. "इथे सही करा, सर्व्हिस झाली म्हणून."

तिने सही केली. न करून काय होणार होतं? सही नसती तर पुढच्या खेपेला तो आलाच नसता.

डॉक्टर आले. तानाबाईचं मनगट उलटं धरून त्यांनी धमनी शोधली. हात गार होते, नाडी बारीक. दोनदा सुई फिरवावी लागली, आणि रक्त आलं ते सावकाश, सिरिंजचा दट्ट्या ओढून ओढून. जांभळट, गडद. डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडली, पण त्यांनी नमुना तिच्या हातात दिला.

लॅब शहराच्या मध्यात होती. वॉर्डातले दोन्ही परिचर पुसदच्या पेशंटच्या अँब्युलन्ससाठी खाली अडकले होते. सत्यभामाने कँटीनमधून बर्फ आणला, स्वतःच्या चहाच्या थर्मासमध्ये भरला, त्यात सिरिंज ठेवली आणि तो नलूच्या हातात दिला.

"ऑटो कर आणि सिधी जा. कुठं थांबू नको. हलवू नको. रिपोर्टचा फोटो मले मोबाइलवर पाठवाले सांग."

"हे दिलं की माय बरी होईल काय?"

"हे दिलं की साहेब माह्यं ऐकतील. जा तू."

पंधरा मिनिटांनी फोन वाजला. लॅबवाला म्हणत होता की फॉर्मवर डॉक्टरांची सही आहे, पण हॉस्पिटलचा शिक्का नाही.

"शिक्का मी संध्याकाळी पाठवते. नमुना लावा."

"तसं चालत नाही, मॅडम."

"तिकडं बर्फ पाणी होऊन राह्यला आणि इकडं माणूस मरून राह्यला, आणि तुम्हाले शिक्का पाह्यजे? तुमचं नाव सांगा. मी फाइलमध्ये लिहून ठेवते, अमक्याने शिक्क्यासाठी नमुना थांबवला म्हणून."

त्याने नाव सांगितलं नाही. नमुना मात्र लावला.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी फोटो आला. धमनीतल्या रक्ताचं सॅच्युरेशन पंच्याऐंशी. तिने मॉनिटरकडे पाहिलं. त्र्याण्णव.

आठांचा फरक. ती धावत दोन नंबरच्या खाटेशी गेली. डॉक्टर तिथल्या पेशंटच्या मुलांना समजावत होते. त्यांनी मोबाइल हातात घेतला, आकडे वाचले आणि मान हलवली.

"हे शिरेतलं रक्त असणार, सिस्टर, त्यात ऑक्सिजन कमीच असतो. तुम्हीही पाहिलंत, किती सावकाश आलं ते. निदान मिसळलेलं तरी असणार. शिवाय जायला इतका वेळ लागला. यावरून काही ठरवता येत नाही."

"मंग पुन्हा काढा. आत्ता."

"काढतो. यांचं बोलणं होऊ द्या, पंधरा-वीस मिनिटं. यांचे वडील अत्यवस्थ आहेत."

ते चूक नव्हते. त्या मुलांचे चेहरे तिलाही दिसत होते. ती चार नंबरवर परतली. तानाबाईच्या नाकपुड्या फुलत होत्या, गळ्याजवळची खळी प्रत्येक श्वासाला आत खेचली जात होती. ओठ आतून पाहिले, राखेसारखे. बारा वाजता तिला वॉर्डात हलवायचं होतं. तिथे चाळीस पेशंटांमागे दोन सिस्टर होत्या, आणि मॉनिटर नव्हताच.

सत्यभामाने हात पुढे केला आणि ऑक्सिजनचं बटण फिरवलं. पंचेचाळीसवरून सत्तर. मग फाइल ओढली आणि स्वच्छ अक्षरांत लिहिलं: अकरा पंचेचाळीस, ऑक्सिजन सत्तर टक्के, रुग्णाची अवस्था पाहून, स्वतःच्या निर्णयाने. खाली पूर्ण नाव लिहिलं. शांत करायच्या इंजेक्शनपुढे लिहिलं: दिलं नाही.

---

डॉ. देशकर बारा वाजून दहा मिनिटांनी आले. मॉनिटरवर अठ्ठ्याण्णव होतं.

"हे कोणी केलं?"

"मी."

"कोणाच्या आदेशाने?"

"कोणाच्याच नाही. लिहून ठेवलं तिथं."

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. "सिस्टर, उद्या कोणीही उठून ऑक्सिजन फिरवायला लागलं तर हे आयसीयू कसं चालेल? तुम्ही इन्चार्ज आहात."

"माह्यावर कारवाई करा. आधी रक्त काढा."

त्यांनी काढलं, रागारागानेच. या वेळी दुसऱ्या मनगटातून. हात आता जरा ऊबदार होते. सुई आत जाताच रक्त आपसूक चढलं, नाडीच्या ठोक्याबरोबर दट्ट्याला वर ढकलत. ही धमनीच होती, यात शंकेला जागा नव्हती. ते दोघांनीही पाहिलं.

नलू नुकतीच परतली होती. तिला पुन्हा थर्मास दिला. या खेपेला सत्यभामाने फॉर्मवर एक सोडून तीन शिक्के मारले.

तो एक तास कठीण गेला. पुसदचा पेशंट खाली अँब्युलन्समध्येच होता, त्याच्या नातेवाइकांचे फोनवर फोन येत होते. वॉर्डातून विचारणा झाली की चार नंबर अजून का आला नाही. प्रशासनातून निरोप आला की अधिकारपत्रावर सही झाली आहे, पण किल्ली सापडत नाही. सत्यभामाने तो निरोप देणाऱ्याला जे सांगितलं ते फाइलमध्ये लिहिण्यासारखं नव्हतं. शेवटी तीन नंबरच्या सुधारलेल्या माणसाला वॉर्डात पाठवून पुसदच्या पेशंटला खाट मिळाली. ही गोष्ट सकाळीच करता आली असती.

पाऊण वाजता तानाबाईने डोळे फिरवून खोलीभर पाहिलं. मग बांधलेल्या हातांकडे. तिने काहीतरी विचारलं, कोलामीत. कोणाला कळेना. सत्यभामाने पट्ट्या सोडल्या. तानाबाईने नाकातल्या नळीला हात लावला, चाचपली, आणि तशीच राहू दिली.

सव्वाला रिपोर्ट आला. सत्तर टक्के ऑक्सिजनवर धमनीतलं सॅच्युरेशन एक्क्याण्णव. रक्त काढलं तेव्हा मॉनिटर अठ्ठ्याण्णव दाखवत होता.

डॉक्टरांनी तो फोटो मोठा करून पाहिला. मग त्यांनी जुना फोटो उघडला, पुन्हा नवा. "सात," ते म्हणाले. "तेव्हा आठ, आता सात. म्हणजे पहिलाही नमुना बरोबर होता."

"होता."

"आपण तिला पंच्याऐंशीवर ठेवलं होतं." त्यांनी चष्मा काढला. "आणि मी झोपेचं इंजेक्शन लिहिलं होतं. ते दिलं असतं तर श्वास आणखी मंदावला असता."

सत्यभामाला वाटलं होतं, या क्षणी आपल्याला बरं वाटेल. तसं काही झालं नाही. सकाळपासून उभी असल्याने पोटऱ्या दुखत होत्या आणि चहाचा थर्मास अजून लॅबमध्ये होता.

डॉक्टरांनी फाइलमध्ये नवा आदेश लिहिला. या रुग्णासाठी मॉनिटरचा आकडा सत्त्याण्णवच्या वर ठेवावा, रोज दोनदा ब्लड गॅस, वॉर्डात हलवणं रद्द. लिहून झाल्यावर त्यांनी तिच्या अकरा पंचेचाळीसच्या ओळीवर पेन टेकवलं.

"इथे मी लिहितो की तोंडी आदेश दिला होता."

"दिला नव्हता, साहेब. खोटं कायले लिहिता?"

"तुमच्यावर येईल ते."

"येऊ द्या. उद्या कोणी ही फाइल पाह्यली तर त्याले दिसलं पाह्यजे का काय झालं होतं."

नलू आली तेव्हा तानाबाईने तिला ओळखलं आणि काहीतरी विचारलं. नलू डोळे पुसत सत्यभामाला म्हणाली, "इचारून राह्यली, सोयाबीन घरी आलं का नाही."

---

बुधवारी मेमो आला. डॉक्टरी आदेशाशिवाय उपचारात बदल केल्याबद्दल अठ्ठेचाळीस तासांत खुलासा सादर करावा, तीन प्रतींत. सत्यभामाने खुलासा लिहिला. डॉ. देशकरांनी न मागता खाली स्वतःचं अर्धं पान जोडलं, दोन्ही रिपोर्टांसह. त्यानंतर तिने ब्लड गॅसच्या मशीनशेजारी दोरीने एक वही बांधली. किल्ली एव्हाना सापडली होती; ती प्रशासनाच्या टेबलाच्या खणातच होती. ज्या पेशंटचं रक्त तपासलं जाईल, त्याचा त्याच मिनिटाचा मॉनिटरचा आकडा शेजारी लिहायचा, असा नियम तिने स्वतःच घालून दिला. पहिल्या दिवशी कोणी लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी ती ओरडली. तिसऱ्या दिवसापासून डॉक्टरही लिहू लागले.

पुढच्या मंगळवारी बैठक झाली. वहीत सव्वीस जोड्या होत्या. बहुतेकांत फरक एक-दोनचा, काहींत काहीच नाही. चार पेशंटांत मात्र पाचाहून जास्त, आणि चारही वेळा मॉनिटरच वर. चौघेही सावळ्याहून गडद. प्रशासकांनी वही उलटीसुलटी करून पाहिली.

"सिस्टर, हे बाहेर गेलं तर लोक म्हणतील, आपण रंग बघून उपचार करतो."

"आज मशीन रंग पाहून चुकते, थे बाहेर गेलं तर काय म्हणतील, सर?"

"कंपनीचं पत्र आहे, मशीन मर्यादेत आहे."

"मग माझं सोपं म्हणणं आहे," डॉ. देशकर म्हणाले. "रंगाचं नावच काढू नका. कोणत्याही पेशंटचा ऑक्सिजन नुसत्या मॉनिटरवरून मोठ्या टप्प्यात कमी करायचा नाही आणि त्याला वॉर्डात हलवायचं नाही. आधी ब्लड गॅस. आणि पेशंट अस्वस्थ असेल, श्वास वाढला असेल, तर आकडा कितीही असो, ब्लड गॅस. सगळ्यांसाठी."

तासाभराच्या चर्चेनंतर दोन ठराव झाले. पहिला, डॉक्टरांनी सांगितलेला नियम आयसीयूपुरता आणि कार्ट्रिज उपलब्ध असेल तोवर लागू. दुसरा, भिंतीवर एक फलक लावायचा: चिमटा लावण्यापूर्वी नखांवरचं पॉलिश पुसावं.

"नेलपॉलिश," जिना उतरताना सत्यभामा म्हणाली. "सोयाबीन सोंगणाऱ्या बाईच्या नखाले नेलपॉलिश."

डॉक्टर हसले, पण फार नाही. "कार्ट्रिजच्या मागणीवर मी आजच सही करतो. संपायच्या आधी."

"दोन महिन्यांच्या मागा. एका महिन्याच्या मागाल तर पंधरा दिवसांच्या येतात."

मेमोचं काय झालं ते कोणी सांगितलं नाही. तो मागे घेतला नाही आणि पुढेही नेला नाही. विचारलं की प्रक्रियेत आहे, असं उत्तर मिळे.

तानाबाई अकराव्या दिवशी घरी निघाली. आधी वॉर्डात तीन दिवस काढून, ऑक्सिजनशिवाय, स्वतःच्या पायांनी. अंगात नलूचा स्वेटर होता, आणि पोरगी इतके दिवस अंगणवाडी बुडवून इथे बसली म्हणून ती तिला रागावत होती. राळेगावची एसटी सव्वादोनला होती.

निघण्याआधी नलू आयसीयूच्या दाराशी आली. "सिस्टरबाई, आमच्याकडच्या आशाताईपाशी बोटाले लावाचं एक असते. थे म्हणे दर दोन दिवसांनी येऊन लावून पाहीन. लावू देऊ काय?"

"लावू दे. आकडा खाली गेला तर लगेच आण. पण आकडा चांगला हाये आणि मायले धाप लागून राह्यली, बडबडते, ओठ काळेनिळे पडले, तर आकड्याचं ऐकू नको. सिधी घेऊन ये."

"मंग थे लावाचं तरी कायले?"

"काहीच नसल्यापेक्षा बरं, म्हणून." सत्यभामाला आपलंच उत्तर आवडलं नाही. "कार्ड दाखव तुह्यं."

सुट्टीच्या कार्डावर छापलं होतं: सॅच्युरेशन नव्व्याण्णव, प्रकृती समाधानकारक. फक्त तेवढंच. पोडाजवळच्या आरोग्य केंद्रातला जो कोणी हे कार्ड वाचेल, तो नव्व्याण्णवला नव्व्याण्णवच समजणार होता. सत्यभामा नलूला घेऊन खाली सुट्टीच्या खिडकीवर गेली. हे बदलून द्या म्हणाली. खिडकीतला माणूस म्हणाला, कॉम्प्युटरमध्ये त्यासाठी रकाना नाही, आणि छापील कार्डावर हाताने लिहायला परवानगी नाही.

"कोणाची परवानगी लागते?"

"प्रशासन कार्यालयाची. अर्ज द्यावा लागेल."

घड्याळात एक पन्नास झाले होते. सत्यभामाने खिशातलं पेन काढलं, कार्ड खिडकीच्या फळीवरच ठेवलं आणि छापील ओळीखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: या रुग्णात बोटावरचा आकडा खऱ्यापेक्षा सात-आठने जास्त येतो, धाप असल्यास आकड्यावर विसंबू नये. खाली नाव, तारीख आणि स्वतःचा मोबाइल नंबर.

"मॅडम, हे चालणार नाही," खिडकीतला माणूस म्हणाला.

"मंग मेमो पाठवा," ती म्हणाली. तिने कार्ड नलूच्या पिशवीत घातलं आणि दोघींना ऑटोपर्यंत सोडायला बाहेर आली.